पोकेमॉन निवडताना आधी काय पाहावे? ॲबिलिटी, नेचर आणि आयव्ही यांची नवख्यांसाठी ओळख

माझ्या संघातला पहिला गेंगार हा पोकेमॉन ‘ॲडमंट’ नेचरचा, म्हणजे त्या जन्मजात स्वभावाचा होता. गॅस्टली पकडला, त्याचा हॉन्टर झाला, मग मावसभावाकडे पाठवून आणि परत मागवून त्याचा गेंगार करून घेतला, साठाव्या लेव्हलपर्यंत वाढवला, आणि तरीही ऑनलाइन लढतीत त्याचा ‘शॅडो बॉल’ समोरच्याला थोडक्यात जिवंत सोडत असे. कारण अगदी साधे होते. गेंगारचा मारा स्पेशल अटॅकवर चालतो आणि ॲडमंट नेचर नेमका तोच आकडा दहा टक्क्यांनी खाली आणते. ही माहिती पहिल्या दिवसापासून माझ्या पडद्यावर होती, पण ती वाचायची असते हेच मला ठाऊक नव्हते.

आपल्याकडच्या अनेकांची पोकेमॉनशी पहिली ओळख टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतून झाली आणि त्या मालिकेत मैत्री, जिद्द व सराव यांच्या बळावर लढाया जिंकल्या जातात. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र एकाच जातीचे दोन पोकेमॉन जन्मतःच वेगळे असतात, आणि तो वेगळेपणा कुठे पाहायचा, त्यातला कोणता भाग नंतर बदलता येतो आणि कोणता नाही, हे कळले की निवड करणे फारसे अवघड राहत नाही. पुढचे टप्पे मी प्रामुख्याने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या गेमना धरून लिहिले आहेत. त्यांतला बराचसा भाग २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’लाही लागू पडतो. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- एक वही किंवा फोनमधली टिपण. कोणत्या पोकेमॉनकडून कोणते काम हवे आहे ते त्यात लिहायचे आहे.
- बॉक्समध्ये, म्हणजे पकडलेले पोकेमॉन साठवायच्या जागेत, दहा-पंधरा रिकाम्या जागा. एकाच जातीचे अनेक पोकेमॉन पकडून त्यांची तुलना करावी लागते.
- गेममधले पैसे. नेचर बदलणारी एक ‘मिंट’ आणि आयव्ही (जन्मजात संख्या) सुधारणारी एक ‘बॉटल कॅप’ यांना स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये प्रत्येकी २०,००० पडतात.
- शक्यतो एक डिट्टो, म्हणजे जवळपास कोणत्याही जातीशी जोडी जमवणारा पोकेमॉन. अंड्यांच्या टप्प्यावर तो लागेल.
- बॉक्समधला ‘जज’. आयव्ही दाखवणारी ही सोय मुख्य कथा पूर्ण झाल्यावर मिळते, त्यामुळे कथा अर्धवट असेल तर पाचवा टप्पा तूर्त वाचून ठेवा.

१. कोणता आकडा कुठून येतो ते समजून घ्या

पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर सहा आकडे दिसतात: एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. हे आकडे अनेक गोष्टींच्या मिश्रणातून तयार होतात, आणि नवख्यांचा गोंधळ होतो तो ही मिश्रणे वेगळी न केल्यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे जातीचा मूळ आकडा. प्रत्येक गारचॉम्पचा मूळ अटॅक १३० आणि मूळ स्पीड १०२ असतो, मग तो कुठेही पकडलेला असो. दुसरी गोष्ट आयव्ही, म्हणजे सहाही आकड्यांसाठी ० ते ३१ यांच्यामधली एकेक जन्मजात संख्या. तिसरी गोष्ट नेचर. ते एक आकडा दहा टक्क्यांनी वाढवते आणि दुसरा तेवढाच घटवते, एचपीला मात्र कधीच हात लावत नाही. नेचर एकूण २५ आहेत, पण हार्डी, डोसाइल, सिरियस, बॅशफुल आणि क्वर्की ही पाच काहीच बदलत नाहीत. याखेरीज ॲबिलिटी हा अंगचा गुण असतो. तो या सहा आकड्यांत दिसत नाही, पण लढतीत सतत काम करत असतो.

नेचर आणि ॲबिलिटी या दोन्ही गोष्टी २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’पासून आल्या. त्याआधीच्या गेममध्ये जन्मजात फरक होता, पण तो ० ते १५ एवढाच होता.

ईव्ही, म्हणजे आकड्यांत नंतर कमावलेली भर, हा प्रकार जन्मजात नाही. तो सरावातून किंवा ‘प्रोटीन’, ‘कार्बोस’ यांसारख्या टॉनिकांतून मिळतो, एका आकड्यात जास्तीत जास्त २५२ आणि एकूण ५१० एवढा भरता येतो, आणि चुकला तर ठरावीक बेरी खाऊ घालून उतरवताही येतो. पोकेमॉन निवडताना त्याचा विचार करू नका. माझ्या ओळखीचे काहीजण नुकत्याच पकडलेल्या आणि दहा लढाया खेळलेल्या पोकेमॉनचे आकडे शेजारी ठेवून ‘हा जन्मतःच चांगला आहे’ असा निष्कर्ष काढत असत. त्यात ईव्हीचा भाग मिसळलेला असतो हे त्यांच्या लक्षातच येत नसे.

२. पोकेमॉनचे काम आधी ठरवा

‘चांगला पोकेमॉन’ असे काही नसते, ठरावीक कामासाठी चांगला असा पोकेमॉन असतो. त्याच्या जातीचे मूळ आकडे पाहा आणि वहीत एक वाक्य लिहा: हा पहिला वार करणारा आहे, की मार खाऊन टिकणारा, की इतरांसाठी मैदान तयार करणारा? त्याचे मुख्य वार अटॅकवर चालतात की स्पेशल अटॅकवर? प्रत्येक वाराच्या वर्णनात त्यासाठी वेगळी खूण असते, ती बघायची सवय लावा.

गेंगारचा मूळ स्पेशल अटॅक १३० आणि अटॅक ६५ आहे, त्यामुळे त्याच्याबाबत फारसा विचार करावा लागत नाही. गारचॉम्पचे उलट आहे: अटॅक १३०, स्पेशल अटॅक ८०. ज्या जातींत हे दोन्ही आकडे जवळपास सारखे असतात तिथे मात्र कोणते वार शिकवणार हे आधी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे वाक्य न लिहिता थेट आयव्ही तपासायला बसणे म्हणजे आधी कळस मग पाया, आणि बहुतेक नवखे खेळाडू नेमके तेच करतात.

३. ॲबिलिटी तपासा, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच असतो

एक उदाहरण सविस्तर पाहू. ॲझुमॅरिल नावाच्या पोकेमॉनचा मूळ अटॅक अवघा ५० आहे. त्याला ‘थिक फॅट’ किंवा ‘ह्यूज पॉवर’ यांपैकी एक ॲबिलिटी मिळते, आणि दुर्मीळ अशी तिसरी, म्हणजे ‘हिडन ॲबिलिटी’, ‘सॅप सिपर’. पन्नासाव्या लेव्हलला, ३१ आयव्ही, पूर्ण ईव्ही आणि ॲडमंट नेचर असे सगळे जुळवून आणले तरी त्याचा अटॅक ११२ होतो. आता ‘ह्यूज पॉवर’ ही ॲबिलिटी अटॅक दुप्पट करते, म्हणजे लढतीत तो २२४ ठरतो. सगळे असेच जुळवलेल्या गारचॉम्पचा अटॅक २०० असतो. म्हणजे ड्रॅगनांमधल्या या नावाजलेल्या मारेकऱ्यापेक्षा एक गुबगुबीत निळा ससा जोरात मारतो, पण ॲबिलिटी ‘थिक फॅट’ असेल तर तोच ससा मारेकरी म्हणून कामाचा नाही.

उलट दिशेचे उदाहरण स्लेकिंगचे आहे. त्याच्या सहा मूळ आकड्यांची बेरीज ६७० भरते. हा आकडा अनेक दंतकथेतल्या पोकेमॉनपेक्षाही मोठा आहे, पण ‘ट्रुअंट’ या त्याच्या ॲबिलिटीमुळे तो एक वार केला की पुढची पाळी लोळून काढतो. केवळ आकडे पाहून त्याला संघात घेणारा मी एकटाच नसेन.

ॲबिलिटी पाहताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. उत्क्रांती झाली की ॲबिलिटीचे नाव बदलू शकते, म्हणून लहान रूपाच्या नव्हे तर शेवटच्या रूपाच्या ॲबिलिटीचा विचार करा. ड्रॅटिनीच्या अंगी ‘शेड स्किन’ असते, पण त्याचा ड्रॅगोनाइट झाल्यावर तिची जागा ‘इनर फोकस’ घेते. दुसरे, ‘हिडन ॲबिलिटी’ म्हणजे लपलेली, म्हणून श्रेष्ठ असे समीकरण मांडू नका. ड्रॅगोनाइटची हिडन ॲबिलिटी ‘मल्टिस्केल’ पूर्ण एचपी असताना बसणारा मार निम्म्यावर आणते आणि तिच्यामागे लागणे योग्यच आहे, पण ॲझुमॅरिलच्या बाबतीत हिडन ॲबिलिटीसाठी खर्च करणे म्हणजे हातचे सोडणे होय.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. दोन साध्या ॲबिलिटींमध्ये अदलाबदल करायला ‘ॲबिलिटी कॅप्सूल’ लागते आणि ती स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये १,००,००० ला मिळते. हिडन ॲबिलिटी आणायला ‘ॲबिलिटी पॅच’ लागतो आणि त्यासाठी कथा संपल्यानंतरच्या सहा ताऱ्यांच्या रेड (चौघांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी करायच्या लढती) खेळाव्या लागतात. या दोन वस्तू मिंटपेक्षा किती महाग किंवा दुर्मीळ आहेत ते पाहिले की सुरुवातीलाच योग्य ॲबिलिटीचा पोकेमॉन पकडणे का शहाणपणाचे आहे ते समजते. ॲझुमॅरिलचे लहान रूप असलेला मॅरिल पकडायला पाच बॉल जास्त गेले तरी चालतील, पण ‘ह्यूज पॉवर’वालाच घरी आणा.

४. नेचर निवडताना काय घटते ते आधी पाहा

बहुतेक याद्या ‘हे नेचर काय वाढवते’ यापासून सुरू होतात. मला त्याच्या उलट पद्धत अधिक उपयोगी वाटली: या पोकेमॉनला कोणता आकडा लागतच नाही ते ठरवा, आणि तोच घटवणारी नेचर तेवढी समोर ठेवा. अटॅकने मारणाऱ्याला स्पेशल अटॅक नको असतो, स्पेशल अटॅकने मारणाऱ्याला अटॅक नको असतो. एवढ्या एका नियमाने २५ पैकी बहुतांश नेचर बाद होतात आणि कामाची थोडी उरतात.

- अटॅकने मारणारा: जोर हवा तर ॲडमंट (अटॅक वाढतो), वेग हवा तर जॉली (स्पीड वाढतो). दोन्हींत स्पेशल अटॅक घटतो.
- स्पेशल अटॅकने मारणारा: जोर हवा तर मॉडेस्ट, वेग हवा तर टिमिड. दोन्हींत अटॅक घटतो.
- अटॅक न वापरता टिकून राहणारा: डिफेन्ससाठी बोल्ड. अटॅक वापरून टिकणारा: डिफेन्ससाठी इम्पिश, स्पेशल डिफेन्ससाठी केअरफुल.
- मुद्दाम संथ ठेवायचा मारेकरी: अटॅकसाठी ब्रेव्ह, स्पेशल अटॅकसाठी क्वायट. दोन्हींत स्पीड घटतो.

नेचर कुठे दिसते? माहितीच्या पानावर वाढणाऱ्या आकड्याशेजारी लाल आणि घटणाऱ्या आकड्याशेजारी निळी खूण असते. नाव पाठ नसले तरी या दोन खुणा पुरेशा आहेत. एकही खूण नसेल तर नेचर त्या पाच निष्प्रभ नेचरांपैकी आहे असे समजा.

आता जोर की वेग, हा खरा प्रश्न. यासाठी पन्नासाव्या लेव्हलचा हिशेब करावा लागतो, कारण स्पर्धात्मक लढतींत सर्व पोकेमॉन त्याच लेव्हलचे धरले जातात. स्पीडचा आयव्ही ३१ आणि ईव्ही पूर्ण असेल तर जॉली गारचॉम्पचा स्पीड १६९ होतो आणि ॲडमंट गारचॉम्पचा १५४. चारिझार्डचा मूळ स्पीड १०० आहे. टिमिड चारिझार्ड १६७ पर्यंत जातो. म्हणजे जॉली गारचॉम्प त्याच्या आधी वार करतो, तोही केवळ दोन अंकांनी, आणि ॲडमंट गारचॉम्प त्याच्या नंतर. या एका जोडीवरून जॉलीच श्रेष्ठ असे ठरत नाही. मूळ स्पीड शंभराच्या आसपास असलेल्या पोकेमॉनची गर्दी मोठी आहे, म्हणून गारचॉम्पला वेग मोलाचा ठरतो. ज्याचा मूळ स्पीड पन्नास-साठ आहे त्याने जॉली होऊनही फारसे कुणी मागे टाकले जात नाही, त्याने सरळ जोर घ्यावा.

चुकीच्या नेचरची किंमत किती, हे माझ्या गेंगारवरून पाहता येते. सगळे इतर घटक सर्वोत्तम धरले तर पन्नासाव्या लेव्हलला त्याचा स्पेशल अटॅक मॉडेस्टमध्ये २००, निष्प्रभ नेचरमध्ये १८२ आणि ॲडमंटमध्ये १६३ येतो. २०० आणि १६३ यांच्यातला फरक म्हणजेच थोडक्यात जिवंत राहणारा तो समोरचा पोकेमॉन.

हे सगळे मिंटने दुरुस्त होते. मिंट खाऊ घातल्यावर पानावर नेचरचे जुने नाव तसेच राहते, परिणाम मात्र नव्या नेचरचा होतो. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये ‘चॅन्सी सप्लाय’ दुकानात ती मिळते, सोर्ड-शील्डमध्ये बॅटल टॉवरच्या ५० पॉइंटांत. त्यामुळे एखाद्या पोकेमॉनवर जीव जडला असेल तर केवळ नेचरसाठी त्याला सोडून देऊ नका. मी माझा गेंगार अजून वापरतो.

एक अपवाद गमतीचा आहे. टॉक्सेल तिसाव्या लेव्हलला उत्क्रांत होतो तेव्हा त्याचे रूप नेचरवरून ठरते: १३ नेचरांत पिवळसर ‘ॲम्प्ड’ टॉक्सट्रिसिटी होतो, उरलेल्या १२ नेचरांत निळसर ‘लो की’. मॉडेस्ट आणि टिमिड ही त्याला सर्वांत उपयोगी पडणारी दोन्ही नेचर ‘लो की’च्या बाजूला आहेत. रूप मूळ नेचरवरून ठरत असल्यामुळे ज्यांना ॲम्प्ड रूप आणि टिमिडचा वेग दोन्ही हवे आहेत त्यांनी ॲम्प्डच्या यादीतल्या नेचरचा टॉक्सेल घ्यावा आणि नंतर टिमिड मिंट द्यावी.

५. आयव्ही पाहा, पण शेवटी

जज सुरू झाला की बॉक्समध्ये प्लस बटण दाबून प्रत्येक आकड्यासाठी एक शब्द दिसतो. ‘नो गुड’ म्हणजे ०, ‘डिसेंट’ म्हणजे १ ते १५, ‘प्रिटी गुड’ म्हणजे १६ ते २५, ‘व्हेरी गुड’ म्हणजे २६ ते २९, ‘फँटास्टिक’ म्हणजे ३० आणि ‘बेस्ट’ म्हणजे ३१. जज मिळण्याआधीच्या काळात पोकेमॉनच्या माहितीतले स्वभाववर्णनाचे वाक्य पाहावे. त्याला खायला आवडते, तो आवाजाला सावध असतो, अशा प्रकारचे ते वाक्य त्याचा सर्वांत मोठा आयव्ही कोणत्या आकड्यात आहे एवढे सुचवते.

आता या आकड्यांचे वजन किती? पन्नासाव्या लेव्हलला आयव्हीचे दोन अंक मिळून प्रत्यक्ष आकड्यात साधारण एकाची भर पडते. अटॅकचा आयव्ही २० असलेला ॲडमंट गारचॉम्प पूर्ण ईव्ही घेऊन १९३ वर पोहोचतो, आणि आयव्ही ३१ असलेला पण निष्प्रभ नेचरचा गारचॉम्प १८२ वरच थांबतो. म्हणजे मध्यम आयव्ही आणि योग्य नेचर यांनी उत्तम आयव्हीला सहज मागे टाकले. सहाही ‘बेस्ट’ असलेला साधा जंगली पोकेमॉन भेटण्याची शक्यता सुमारे १०७ कोटींत एक आहे, तेव्हा त्याची वाट पाहत गवतात फिरू नका.

स्पीडचा आयव्ही मात्र वेगळ्या डोळ्यांनी बघावा लागतो. अटॅक दोन-तीन अंकांनी कमी असेल तर मार किंचित कमी बसतो, पण स्पीड एका अंकाने कमी असेल तर पहिला वार समोरचा करतो. मघाचा जॉली गारचॉम्प घ्या. स्पीडचा आयव्ही ३१ असेल तर तो १६९ असतो, २९ किंवा ३० असेल तर १६८, २७ किंवा २८ असेल तर १६७, आणि २६ असेल तर १६६. टिमिड चारिझार्ड १६७ वर उभा आहे. २७ व २८ ला दोघांत बरोबरी होऊन आधी कोण हे नशिबावर जाते, आणि २६ ला गारचॉम्प हरतो, जरी जज या तिन्ही आकड्यांना ‘व्हेरी गुड’ हेच प्रशस्तिपत्र देत असला तरी. म्हणून पहिल्या वारासाठी घेतलेल्या पोकेमॉनमध्ये स्पीड ‘बेस्ट’ हवा, इतर आकड्यांत ‘व्हेरी गुड’ पुरे.

आयव्हीची दुरुस्तीही होते. पन्नासाव्या किंवा त्यापुढच्या लेव्हलचा पोकेमॉन घेऊन मॉन्टेनेव्हेरा या बर्फाळ गावात गेलात आणि तिथल्या ॲबोमास्नोला बॉटल कॅप दिलीत, तर निवडलेला आकडा ३१ असल्यासारखा वागू लागतो. सोन्याची कॅप दिली तर सहाही आकडे सुधारतात. सोर्ड-शील्डमध्ये यासाठी शंभरावी लेव्हल लागत असे, आणि जुन्या लेखांत अजूनही तसेच लिहिलेले सापडते.

६. जिथे शून्यच हवे असते

हा टप्पा अनेक मार्गदर्शक वगळतात. ‘ट्रिक रूम’ हा वार पाच पाळ्यांपुरता क्रम उलटा करतो आणि संथ पोकेमॉन आधी वार करू लागतो. टॉरकोल या कासवाचा मूळ स्पीड २० आहे. स्पीडचा आयव्ही ० आणि नेचर क्वायट असेल तर पन्नासाव्या लेव्हलला तो २२ वर उतरतो, आणि ट्रिक रूममध्ये त्याच्या आधी जवळपास कुणीच हालचाल करत नाही.

तसेच स्पेशल अटॅकने मारणाऱ्या पोकेमॉनचा अटॅक ‘नो गुड’ असेल तर तो दोष मानू नका. ‘फाउल प्ले’ हा वार समोरच्याचाच अटॅक त्याच्याविरुद्ध वापरतो, आणि गोंधळलेला पोकेमॉन स्वतःला मारतो तोही स्वतःच्या अटॅकनेच. अटॅक जितका कमी, तितका हा मार हलका.

इथला धोका हा की बॉटल कॅप आकडा वर नेते, खाली आणणारी कॅप नाही. शून्य जन्मतःच मिळावा लागतो. एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी शून्य स्पीडच्या टॉरकोलला सोन्याची कॅप देऊन बसलो. परत फिरण्याची सोय नव्हती आणि मला पुन्हा अंड्यांपासून सुरुवात करावी लागली. अशा पोकेमॉनला एकेका आकड्याची साधी कॅपच द्या.

७. पकडावा, अंड्यातून काढावा, की दुरुस्त करावा

फक्त कथा पूर्ण करायची असेल तर यातले काहीच करू नका. ॲबिलिटी बरी असलेला आणि मुख्य आकडा न घटवणाऱ्या नेचरचा पोकेमॉन घ्या आणि पुढे चला.

ऑनलाइन लढतींसाठी सर्वांत कमी कष्टाचा रस्ता रेडचा आहे. पाच ताऱ्यांच्या रेडमधून मिळणाऱ्या पोकेमॉनचे किमान चार आयव्ही ३१ असतात आणि सहा ताऱ्यांच्या रेडमधल्याचे पाच. उरलेल्याला एखादी कॅप आणि एक मिंट दिली की काम संपते.

अंड्यांचा रस्ता लांबचा आहे, पण शून्य आयव्ही किंवा ठरावीक वार हवे असतील तर तोच धरावा लागतो. सहलीच्या टेबलाजवळच्या टोपलीत अंडी मिळतात. संघात जुळणारी जोडी ठेवा, किंवा तुमचा पोकेमॉन आणि डिट्टो. एका पालकाकडे ‘डेस्टिनी नॉट’ दिला तर दोघांच्या मिळून बारा आयव्हींपैकी पाच पिल्लात उतरतात. तो नसेल तर तीनच उतरतात. दुसऱ्या पालकाकडे ‘एव्हरस्टोन’ दिला तर त्याचे नेचर पिल्लाला हमखास मिळते. दोन्ही पालकांचे सहाही आयव्ही ३१ असतील तरी सहावा आकडा दैवावरच असतो, आणि सहा ‘बेस्ट’ पिल्लू बत्तिसांत एक एवढ्या प्रमाणात निघते. पाच ‘बेस्ट’ मिळाले की थांबा. हिडन ॲबिलिटी असलेली मादी ती ॲबिलिटी पिल्लाला ६० टक्के वेळा देते.

८. वाटेतले सापळे

मिंट आणि कॅप यांचा परिणाम त्या पोकेमॉनपुरताच असतो. पिल्लाला पालकाचे मूळ नेचर आणि मूळ आयव्ही मिळतात. मिंट दिलेल्या पालकाला एव्हरस्टोन देऊन तीस अंडी उबवल्यावर हे कळणे फार क्लेशदायक असते.

जुन्या लेखांत ‘सिंक्रोनाइझ’ ॲबिलिटीचा पोकेमॉन संघात पहिला ठेवा, म्हणजे जंगली पोकेमॉन त्याच्याच नेचरचे येतील, असे सांगितलेले असते. पूर्वी ते खरे होते. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये त्याचा उपयोग नाही.

सहा ‘बेस्ट’ असलेले, चकाकणारे, आणि नावाच्या जागी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेले पोकेमॉन अदलाबदलीत फुकट मिळतात किंवा पैसे घेऊन विकले जातात. ते बहुधा बाहेरच्या साधनांनी बनवलेले असतात. अधिकृत स्पर्धांत संघाची तपासणी होते, आणि २०२३ साली योकोहामा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत काही खेळाडू अशा पोकेमॉनमुळे बाद ठरले.

आणि तुलना पूर्ण होण्याआधी बॉक्समधले ‘नको असलेले’ पोकेमॉन सोडून देऊ नका. अंड्यांच्या टप्प्यावर त्यांच्यातलाच एखादा कामाला येतो.

९. ‘पोकेमॉन गो’ खेळत असाल तर

फोनवरचा ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि आपल्याकडचे बरेच खेळाडू तिथूनच येतात, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख. तिथे नेचर नाही, ॲबिलिटी नाही, आणि आयव्ही अटॅक, डिफेन्स व एचपी या तिघांसाठीच, तेही ० ते १५ असे असतात. ‘अप्रेझ’ दाबले की तीन पट्ट्या दिसतात. तिन्ही पूर्ण भरलेल्या असतील तर तो पोकेमॉन रेडमध्ये उत्तम.

पण लढतींच्या लीगमध्ये हिशेब पालटतो. ‘ग्रेट लीग’मध्ये सीपीची, म्हणजे पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची, मर्यादा १५०० आहे आणि सीपी मोजताना अटॅकला जास्त वजन दिले जाते. त्यामुळे अटॅक कमी आणि डिफेन्स व एचपी भरपूर असलेला पोकेमॉन त्याच मर्यादेत अधिक लेव्हल चढू शकतो आणि बहुतेक जातींत तोच जास्त टिकतो. तिन्ही पट्ट्या भरलेल्याचे चित्र टिपून ठेवा, पण ग्रेट लीगसाठी पहिली पट्टी रिकामी आणि उरलेल्या दोन भरलेल्या असा पोकेमॉन बाजूला काढा. शिवाय इथे अदलाबदल केली की आयव्ही नव्याने ठरतात, तेव्हा तीन भरलेल्या पट्ट्यांचा पोकेमॉन मित्राला भेट म्हणून देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोघांनीही आपापले सामान्य पोकेमॉन एकमेकांना द्यावेत.